इंदूबाईचा दात

नंदनवन, नागपूर
२१ जुलै २०२५

शामलाताई,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. माझंच आहे. डॉक्टरांनी रोज एक पान लिहायला सांगितलंय, तेही मोठ्या अक्षरात, लहान मुलांच्या दुरेघी वहीत. ओळीच्या सुरुवातीला बरं येतं, ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं होतं. उजव्या हाताला कंप सुटलाय, दीड वर्ष झालं. आधी तुझ्या भावजयीच्या, कामिनीच्या लक्षात आलं, कपबशीच्या आवाजावरून. कंपवात म्हणतात याला. गोळ्या चालू आहेत. जिवाला धोका नाही, तेव्हा काळजी करू नकोस. करणार नाहीस हे मला माहीत आहे, पण लिहायची सवय असते.

फोन केला असता. पण तू माझा नंबर उचलत नाहीस, आणि वैभवीला मध्ये घालायचं नाही असं तूच ठरवलंयस. पोरगी मामाशी दोन शब्द बोलते आणि घाईने ठेवून देते. म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतो.

सांगायचं ते असं की 'आमची इंदूबाई' मी बंद करतोय. सत्तावीस वर्षं रोज पेपरात तीन चौकटी काढल्या. आता रेघ सरळ जात नाही. इंदूबाईच्या पदराचा काठ काढायला घेतला की भूकंप झाल्यासारखा दिसतो. मुग्धा मॅडम म्हणून आमच्या नव्या संपादक आहेत, त्यांना मागच्या आठवड्यात सांगून टाकलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी शेवटची येईल.

अकरा वर्षांपूर्वी तू मला एक काम सांगितलं होतंस. ते मी केलं नाही. आता तेवढंच नाही, अख्खी इंदूबाईच काढून टाकतो. ही बातमी तुला पेपरातून नाही, माझ्याकडून कळावी एवढंच वाटलं.

गुडघा कसा आहे? वैभवी सांगत होती, जिना चढवत नाही म्हणून.

तुझा,
जितू


९ ऑगस्ट २०२५

शामलाताई,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही. मी सध्या तेवढ्यावर खूश आहे.

मुग्धा मॅडमनी शेवटच्या आठवड्यासाठी लेख मागितलाय, 'मी चित्रं काढायला कसा शिकलो.' असले लेख मी आजवर दहा तरी लिहिले असतील. सगळ्यांत तेच. नंदनवनातलं चंपतरावांचं सायकलचं दुकान, दाराला बांधलेली सुतळी, सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेली हिंदी कॉमिक्स, आणि बाकड्यावर बसून ती अधाशासारखी वाचणारा मी. काल लिहायला बसलो आणि हात थांबला. कंपाने नाही. मनात आलं, मी वाचली कुठे? पाच-सहा वर्षांचा होतो. मराठी अक्षरं धड येत नव्हती, हिंदी कुठून येणार? वाचायचीस तू.

बाबा लकडगंजच्या लाकूड चिरायच्या आरा मशीनवरून यायच्या आत घरी पोचायचं म्हणून शाळा सुटली की आपण पळत जायचो. चंपतराव एका पुस्तकावर एकालाच बसू द्यायचे. तू म्हणायचीस, "याले वाचता येत नाही जी, हा फक्त चित्रं पायते." ते म्हणायचे, "मंग हळू वाच वं पोरी. बाकीचे फुकट आयकून राहिले."

तू चौकटीवर बोट ठेवून माझ्या कानाशी वाचायचीस. आणि बोट पुढच्या चौकटीवर न्यायच्या आधी थांबायचीस. मी म्हणायचो, "मंग?" तू गप्प. "मंग काय झालं वं ताई?" तेव्हा कुठे बोट सरकायचं. ते थांबणं मला कुठल्या चित्रशाळेने शिकवलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते, तिथे वाचणारा हसायच्या तयारीत येतो. लोक माझ्या टायमिंगचं कौतुक करतात. ते तुझं बोट आहे, हे मी कुठल्याच लेखात लिहिलं नाही.

चौथीत असताना एकदा मी एकटाच गेलो. तू घरात आईच्या हाताखाली अडकली होतीस. तू वाचून दाखवायचीस तेच जुनं डाकूचं पुस्तक उघडलं. आता मला वाचता येत होतं. बघतो तर भलतंच. छापलेल्या गोष्टीत डाकूला फाशी होते! तू तर सांगितलं होतंस, त्याची माय त्याला कान धरून घरी नेते आणि म्हणते, "चाल, भाकर थंडी होऊन राहिली." मग बाकीचीही चाळली. राजकन्येला कुठेच सर्दी नव्हती. राक्षस कुठेच आपल्यासारखा बोलत नव्हता. मी रडत घरी आलो आणि तुझ्याशी भांडलो, तू खोटं वाचते म्हणून. तू पीठ मळता मळता म्हणालीस, "छापलं होतं थे लय बेकार होतं गा. म्यां दुरुस्त केलं."

ताई, आपल्या दोघांत गोष्टी रचणारी तू होतीस. मी चित्रं पाहणारा. अजूनही तेच आहे.

लग्न होऊन तू वरोऱ्याला गेलीस आणि तुझी पत्रं यायला लागली. तुझी सासू, तिची तपकीर, लाइट गेली की गल्लीत होणारी भांडणं, गॅस सिलिंडरवाल्याशी तुझी वादावादी. अठ्ठ्याण्णवला पेपरने रोजची चित्रमालिका मागितली तेव्हा माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, तुझी पत्रं होती. चपलांच्या डब्यात ठेवली होती. त्यातून इंदूबाई झाली. मोरीत घसरून समोरचा दात पडला, ते पत्र आठवतं? "आता बोलताना शिट्टी वाजते, शेजारचं कुत्रं मलेच मालकीण समजून राहिलं." मी आईसमोर ते पोट धरून हसत वाचलं. दुसऱ्या दिवशी इंदूबाईचा दात काढून टाकला. तिथून ती घराघरांत गेली.

लेख अजून लिहिलेला नाही. तुझं नाव घालू का? तू हो म्हणेपर्यंत घालत नाही.

जितू


३० ऑगस्ट २०२५

ताई,

मी पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं ठरलं. मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं, एवढं मान.

परवा मुग्धा मॅडमनी सदर भागातल्या पेपरच्या ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, निरोपाच्या कार्यक्रमाचं असेल. चहा आला. त्या म्हणाल्या, "सर, एक चांगली बातमी आहे. इंदूबाई बंद होत नाहीये."

मी म्हटलं, "माझ्या हाताने आता होत नाही, मॅडम."

"तुम्हाला काढायचीच नाही, सर." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. "तुमच्या सत्तावीस वर्षांच्या सगळ्या चौकटी एआयला दाखवल्या आहेत. या बारा काल दुपारी केल्या. वीस मिनिटांत."

मी एकेक पाहिली. पदराचा काठ सरळ होता. चप्पल एका पायात अर्धी घातलेली, ती माझी लकबसुद्धा होती. तो माझाच हात होता, चाळिशीतला, न थरथरणारा. काही बाष्कळ होत्या. पण एकीवर मी हसलो, ताई. हे तुला सांगायला नको होतं.

आणि दात. समोरच्या ओळीतला तो काळा चौकोन, बरोबर तेवढाच.

मी म्हटलं, बंद करा. त्या म्हणाल्या, माझ्या हातात नाही, वरून ठरलंय. बाई वाईट नाही. बोलताना तिचेच डोळे खाली होते. दोन हजार नऊमध्ये मी एका कागदावर सही केली होती, त्याची प्रत तिने समोर ठेवली. इंदूबाईचं नाव, रूप, बोली, सगळं पेपरचं. तेव्हा सगळेच सह्या करत होते. कोणी वाचलं नाही. मीही नाही.

शेवटी मी म्हणालो, "निदान तिचा दात तरी बसवा."

त्या हसल्या. चेष्टा वाटली त्यांना. "सर, दात हीच तर तिची ओळख आहे."

मी उठलो आणि जिना उतरून आलो. रिक्षात बसल्यावर आठवलं, हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं. मीच बोललो होतो. तुझ्याशी, तुझ्या स्वयंपाकघरात.

जितू


१७ सप्टेंबर २०२५

ताई,

वकिलाकडे जाऊन आलो. रोशन नाव त्याचं, कामिनीच्या मावसबहिणीचा मुलगा. त्याने कागद दोनदा वाचला. म्हणाला, "काका, यात धरायलाच काही नाही." मग फेसबुकवर लिहिलं, की दिवाळीनंतरची इंदूबाई माझी नाही, ती बंद व्हावी अशी माझी इच्छा आहे. खाली साडेचारशे लोकांनी लिहिलं. "सर मजाक करून राहिले." "सर, इंदूबाई अमर आहे." लाल बदाम, टाळ्या. एकानेही वाचलं नाही मी काय लिहिलं ते. पेपरच्या मालकांना पत्र पाठवलं. त्यांच्याकडून फुलांचा गुच्छ आला, प्रकृती लवकर सुधारो म्हणून.

आता ते लिहितो, जे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तुला ते सगळं माहीत आहे. पण मला ते माहीत होतं, हे तुला कदाचित माहीत नसेल.

तू मोरीत पडली नव्हतीस. आनंदराव भाऊजींनी दुकानातला पाना तोंडावर मारला होता. आईने मला त्याच वर्षी दिवाळीत सांगितलं. भुईचक्र पेटवत होतो, आई मागे येऊन उभी राहिली. "थे मोरीत नाही पडली, जितू. त्यानं पाना फेकून मारला. पोरगी हासून हासून लिहिते, तू बी हासतं." इंदूबाईचा दात जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. लोक रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. मी आईला म्हटलं, भाऊजींशी बोलतो.

गेलो होतो बोलायला. तुला वाटलं असेल सहज आलो. त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात मिक्सर आणि पंखे मांडलेले, आणि मागच्या भिंतीवर सगळ्या इंदूबाई चिकटवलेल्या. त्यांनी मला खुर्ची पुसून दिली. गिऱ्हाइकाला म्हणाले, "हा आमचा साळा. यानं आमच्या घराले पेपरात आणलं." मी चहा प्यायलो. त्यांच्या टेबलावर पाने ओळीने ठेवलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. कुठला असेल, असा विचार करत मी चहा संपवला आणि परत आलो.

पंधरा वर्षं रोज तो चौकोन काळा करत राहिलो.

मग दोन हजार चौदाला मला पुरस्कार मिळाला आणि मी पेढे घेऊन तुमच्याकडे आलो. शेजारपाजारचे जमले होते. भाऊजी म्हणाले, "हास ना वं, दाखव यायले खरी इंदूबाई." तू हसलीस. सगळे हसले. मीही. नंतर स्वयंपाकघरात तू ओट्याकडे तोंड करून म्हणालीस, "जितू, तिचा एवढा दात बसव गा."

मी काय म्हटलं? "दात हीच तिची ओळख आहे, ताई. लोक तिला त्यानंच ओळखतात."

तू म्हणालीस, "लोकं मले बी त्यानंच ओयखतात. भाजीवाली सुद्धा इंदूबाई म्हणते. वैभवीच्या शाळेत पोरं म्हणतात."

मी शब्द दिला. आणि बसवला, खरंच बसवला. नऊ दिवस इंदूबाईला पूर्ण दात होते. तू ते पाहिलं असशील. फोन यायला लागले. तेव्हाचे संपादक म्हणाले, ही कोणी परकी बाई वाटते. दहाव्या दिवशी मी एक विनोद केला. इंदूबाई चिक्की खाते, कट्कन आवाज, तिसऱ्या चौकटीत पुन्हा तोच चौकोन. खूप गाजली ती. अजून लोक पाठवतात एकमेकांना.

त्या दिवसापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. आई गेली तेव्हा आलीस, माझ्या शेजारी बसलीस, आणि बोलली नाहीस. भाऊजी गेले तेव्हा मी आलो, तर दारातून तुझी पाठ दिसली.

त्यांनी एकदा पाडला. मी दोनदा.

मी क्षमा मागत नाही. मागायला काही तरी हातात असावं लागतं. मी आता थांबवायला निघालो तर थांबवायची ताकदच माझ्याकडे राहिलेली नाही.

जितू


६ ऑक्टोबर २०२५

ताई,

दसऱ्याला दीक्षाभूमीवर तू मला दिसलीस.

दरवर्षी मी पुस्तकांच्या स्टॉलपाशी उभा राहतो. आपण लहानपणी बाबांच्या मागे तिथूनच जायचो, म्हणून. इतक्या गर्दीत कोण कोणाला दिसतं? यंदा दिसलीस. पांढरी साडी, वैभवीच्या दंडाला धरून, हळूहळू चालत होतीस. केस सगळे पांढरे झालेत. वैभवीने काही तरी म्हटलं आणि तू हसलीस, आणि हसताना हात तोंडावर नेलास.

मी हाक मारायला पुढे झालो होतो. तो हात पाहिला आणि तिथेच उभा राहिलो. गर्दीने मला बाजूला ढकललं, मी बाजूला झालो.

सदरच्या चौकात इंदूबाईचा दोन माणसांएवढा पुतळा उभा केलाय, पुठ्ठ्याचा. दिवाळीची जाहिरात. लोक त्या दाताच्या जागी बोट घालून फोटो काढतात. तू आलीस तर त्या रस्त्याने जाऊ नकोस, एवढंच सांगायला लिहिलं.

जितू


२३ नोव्हेंबर २०२५

ताई,

तू घरी सुखरूप पोचलीस, वैभवीने सांगितलं. मी अजून त्या दुपारीच आहे.

कामिनीने दार उघडलं आणि आतून मला म्हणाली, "अहो, बघा कोण आलं." मला वाटलं लाइट बिलवाला. तू उंबऱ्याशी चप्पल काढत होतीस. अकरा वर्षांनी, माझ्याशी बोलायला. मी काय बोललो, आठवत नाही. तू म्हणालीस, "पानी दे गा आधी, भाषण मंग करजो." ग्लास मीच आणला आणि निम्मं पाणी फरशीवर सांडलं. माझ्या हातातून ग्लास घेतलास, खाली ठेवलास आणि माझा हात धरून बसलीस. गोळीनेसुद्धा थांबत नाही तो. तू धरलास तरी थांबला नाही. तुझाही हात त्याच्याबरोबर हलत राहिला.

तू बोलायला लागलीस तेव्हा मला काही तरी वेगळं जाणवलं. वरण वाढताना कामिनीने विचारलं म्हणून कळलं. "बसवला ना," तू म्हणालीस. "आनंदराव गेल्यावर सहा महिन्यांत. काढाघालाचा आहे. हासताना अजून हात जाते, सवय." किती साधेपणाने म्हणालीस.

मी विचारलं, कशी काय आलीस. तू म्हणालीस, "काम होतं सदरले."

"काय काम?"

"होतं एक. नाही झालं."

मी पुढे विचारलं नाही. तू आलीस यातच मला सगळं आलं. पत्रं वाचलीस का, हेही धीर करून जेवणानंतरच विचारलं. तू म्हणालीस, "वाचली. तू मले पत्र लिहितो तं गुरुजीसारखं लिहितो, अन् पेपरात माह्यावानी बोलतो. उलटं करून राहिला तू सारं." कामिनी हसली. मीही हसलो, पण ते लागलं. बरोबर होतं.

बसस्टँडवर तू खिडकीतून वाकलीस आणि ते विचारलंस. "जितू, एक सांग. आपण दोघं मेल्यावर तरी थांबन का गा थे?"

कंडक्टरने घंटी मारली. मी म्हटलं, विचारून सांगतो. बस गेल्यावर मला माझीच लाज वाटली. कोणी गॅसच्या नंबराबद्दल विचारावं, तसं मी उत्तर दिलं.

विचारतो, ताई. या आठवड्यात नाही तर पुढच्या.

जितू


१२ डिसेंबर २०२५

ताई,

विचारायला गेलो होतो. त्याआधी दुसरंच कळलं.

मी बसताच मुग्धा मॅडम म्हणाल्या, "सर, हे पाहिलं का? तुम्हाला आनंद होईल. वाचकांचं केवढं प्रेम आहे बघा." आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. खाली ऑफिसच्या दारातला व्हिडिओ होता. पांढऱ्या साडीतली एक बाई टेबलापाशी उभी होती. हातात माझ्या पत्रांचं पाकीट होतं, ते मी आधी ओळखलं. चेहरा नंतर.

तू म्हणत होतीस, "मले मोठ्या साहेबाले भेटाचं आहे. हे जे चित्र आहे, थे मी आहो."

टेबलामागची मुलगी म्हणाली, "हो काकू, इंदूबाई आपल्या सगळ्यांचीच आहे!"

"सगळ्यायची नाही वं बाई. माह्या नवऱ्यानं मारलं होतं. माह्या भावानं काढलं. आता तुम्ही बंद करा. त्याच्या हातानं होत नाही, म्हणून मी आली सांगाले."

मागे कोणी तरी म्हणालं, "काय बोलते राव, सेम टू सेम!" टेबलामागच्या मुलीने तुझ्या तोंडाकडे वाकून पाहिलं. ती म्हणाली, "पण काकू, तुमचा दात तर आहे."

मग तू पदराआड तोंड केलंस, दात काढलास आणि तिच्या टेबलावर ठेवलास.

सगळे टाळ्या वाजवायला लागले, ताई. दोघीजणी तुझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या, फोटोसाठी. कोणी तरी तुझ्या हातात इंदूबाईचं चित्र असलेला कप दिला. तू तोंड मिटून उभी होतीस. कॅमेऱ्याकडे नाही, त्या मुलीकडे बघत होतीस, तिला अजून समजेल अशा आशेने. तिथे व्हिडिओ संपतो.

तिथून तू माझ्याकडे आलीस. म्हणालीस, काम होतं, नाही झालं. तो कप पिशवीतच होता ना तुझ्या?

मी मुग्धा मॅडमना म्हटलं, "ही माझी मोठी बहीण आहे." त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. त्यांना रडू आलं असावं, कारण उठून खिडकीशी गेल्या. मग दोन-तीन फोन केले आणि पेपरच्या फेसबुक पानावरून तो व्हिडिओ काढायला लावला. पण तोपर्यंत तो सगळीकडे गेला होता. मलाच तीन जणांनी पाठवला, त्यातला एक आपला आत्येभाऊ. त्याने तुला ओळखलं नाही. खाली लिहिलंय, 'नागपूरची कलाकार काकू.'

मग मी तुझा प्रश्न विचारला. शब्द न बदलता, जसा तू विचारलास तसा.

मॅडम म्हणाल्या, "सर, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मी उद्या राजीनामा दिला तरी परवाचा भाग तयार आहे. पुढच्या दोन वर्षांचे आताच तयार आहेत."

मी घरी आलो. कामिनीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवून तशीच उभी राहिली. संध्याकाळी तुला फोन करावा असं वाटलं, आता तू उचलतेस. नंबर काढला आणि ठेवून दिला. फोनवर तुझा आवाज ऐकून मी पुन्हा काही तरी गोड बोललो असतो. बघू, प्रयत्न चालू आहे, एखादेवेळी होईल. तसलं मी तुला फार वेळा सांगितलंय. म्हणून दुरेघी वही काढली. हे एक पान लिहायला मला तीन दिवस लागले.

नाही, ताई. आपण मेल्यावरही थांबणार नाही.

जितू